उलटं फिरणारं चाक

दादा, म्हणजे माझे वडील, शिरड शहापूरच्या बाजारगल्लीत बायकांचे ब्लाउज शिवायचे. आमच्याकडे बाया शिंप्याला माप देत नाहीत, मापाचं ब्लाउज देतात. अंगावर नीट बसणारं एक जुनं ब्लाउज पिशवीत घालायचं, सोबत नवं कापड, आणि सांगायचं की याच्यासारखंच, फक्त बाही जरा आखूड. दादा ते जुनं ब्लाउज मांडीवर पसरायचे, त्यावरून हात फिरवायचे आणि बाईकडे न बघता म्हणायचे, "डावा खांदा उतरता हाय तुमचा. दोन्ही बाजू सारख्या शिवल्यात आधीच्या शिंप्यानं, म्हणून चुणी पडून राहिली." बाई चाट पडायची. मग घरी जाऊन नणंदेला घेऊन यायची.

माझं लहानपण त्यांच्या मशीनच्या खाली गेलं. वर दादांचं राज्य, खाली माझं. चिंध्या, दोऱ्याची रिकामी रिळं आणि समोर दादांचे दोन पाय पायडलवर. टाच खाली, चवडा वर; चवडा खाली, टाच वर. वर दादा गिऱ्हाइकाशी बोलत, चहा पीत, मला रागे भरत; पायांना त्याचं काहीच नसायचं. एकदा मी खालूनच विचारलं, "दादा, पायाला कसं कळतं कधी दाबायचं नि कधी सोडायचं?"

"मला काय ठाव?" वरून आवाज आला. "मी कधी पायाला इचारलं न्हाई. इचारलं तर थांबून जाईल तो."

हे उत्तर बरोबर होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी फक्त चिंधीची बाहुली करत होते.

माझं लग्न वसमतला ठरलं. शालू आणला, त्याच्यातच ब्लाउजचं कापड होतं, डाळिंबी रंगाचं, बारीक जरीकाठाचं. शालू घरी आला त्याच दिवशी दादांनी माझं मापाचं ब्लाउज मागून घेतलं. मी म्हटलं, अजून केवढा वेळ आहे लग्नाला. तर म्हणाले, "लोकाच्या पोरींचे शिवून राहिलो जन्मभर. हे तुकडे आज कापतो, शिवतो सवडीनं." पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, पट्ट्या, सगळं कापून त्यांनी पांढऱ्या फडक्यात गाठोडं बांधलं आणि दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवलं. सवडीनं शिवतो हे शब्द मला अजून ऐकू येतात आणि चीड येते. दादांवर नाही. सवडीवर.

चैत्रात एका दुपारी वारं सुटलं. दुकानाच्या पत्र्यावरचा दगड घसरला नि पत्रा वाजायला लागला. दादा दगड सारखा करायला शिडीनं वर गेले. ते इतक्या वेळा गेलेले होते की कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पत्र्याबरोबरच खाली आले, ओट्याच्या कडेवर, पाठीवर. शुद्धीत होते. "पाय कुठं गेले माझे?" एवढंच विचारत होते, आणि पाय तिथंच होते, चपलेसकट.

नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाठीच्या मधोमध कण्यातली दोरी चिरडली आहे, कमरेखाली आता चालणं होणार नाही. हात, खांदे, डोळे, डोकं, सगळं धड आहे. आम्ही सगळ्यांनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. दुसरं फक्त दादांनी ऐकलं असावं.

दुकान सोडावं लागलं. मशीन घरी आली, खिडकीशी ठेवली. पाय तेव्हा अगदी लुळे होते, भिजलेल्या गोधडीसारखे. कुशीवर वळवायचे तर मायला नि मला ओढावे लागत. माय तेल लावायची आणि पायाचा अंगठा हलतो का ते सारखी बघायची. चाकाच्या खुर्चीवर बसता यायला लागलं त्या आठवड्यात दादा तिला म्हणाले, "ऐकलं का, वसमतला मशीनचं हँडल भेटते. वरच्या चाकाला लावलं की हातानं चालते मशीन. कुनाला तरी आनायला सांग."

मायनं तेलाची वाटी खाली ठेवली. "आधी पाय येऊ द्या," ती म्हणाली. "आत्ताच हाताचं काहून काढून राहिले?"

दादांनी विषय तिथंच सोडला. हँडल म्हणजे बोटभर लोखंडाचा दांडा नि त्याला लाकडी मूठ. ते घरात आलं की पाय गेला असं आम्हीच कबूल केल्यासारखं होईल, असं मायला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मग ते झालं. सकाळची वेळ, मी घर पुसत होते. दादांची खुर्ची मशीनपुढे होती, त्यांना खिडकीतून रस्ता बघायला आवडायचं म्हणून. त्यांचा उजवा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीवरून घसरून फरशीवर आला होता. पुसायला अडत होता, म्हणून मी तो उचलून मशीनच्या पायडलवर ठेवला. पायडल कलंडलं, टाच खाली गेली, चवडा वर उचलला गेला, आणि पाय वाजायला लागला. टकटक, टकटक, टकटक. जोरात, एका तालात. दोन्ही चाकांवरची चामड्याची वादी चढवलेलीच होती. खालचं मोठं चाक जरा मागंपुढं हललं, आणि एकदम गर्रकन फिरलं. त्याबरोबर वरचं चाक, त्याबरोबर सुई. रिकामी मशीन खडखडत चालायला लागली.

"माय!" मी ओरडले.

माय पिठाच्या हातानंच धावत आली. उंबऱ्यातच थांबली. "चालली," ती म्हणाली. "अगं माय, मशीन चालली! पायाला याद हाय!" आणि तिथंच खाली बसून रडायला लागली, पदरानं डोळे पुसता पुसता सगळं तोंड पिठानं पांढरं केलं. मी हसत होते, रडत होते, काय करत होते कोण जाणे. त्या क्षणी मी दादांकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांचं लक्ष पायाकडे नव्हतंच, वरच्या चाकाकडे होतं.

ते चाक पलीकडे फिरत होतं. शिवताना वरचं चाक शिंप्याच्या अंगाकडे फिरावं लागतं. पलीकडे फिरलं की दोरा तुटतो, गुंता होतो. नवशिक्याचं पहिल्या दिवशी हेच होतं आणि हेच दादा सगळ्यात आधी शिकवायचे. दादांचा पाय तसा चुकला नव्हता कधी. पण हे मी आता लिहिते आहे. तेव्हा मला चाक फिरलं एवढंच दिसलं, दिशा मागाहून ध्यानात आली.

दुपारपर्यंत गल्लीत साखर वाटून झाली. बाया बघायला आल्या. माय प्रत्येकीसमोर दादांचा पाय उचलायची, पायडलवर ठेवायची, आणि पाय वाजायचा. मशीनला हळदीकुंकू लागलं, फूल चढलं. आमच्याकडे मशीनची पूजा दसऱ्याला असते, माय त्या दिवशीच दसरा करून बसली. "पोरीचं ब्लाउज हेच शिवतील," ती सांगायची, "पायानं." दादा सगळ्यांना हात जोडायचे. एक म्हातारी जाताना म्हणाली, "हुनर हाय तो. अंगातून जात न्हाई." दादा म्हणाले, "व्हय," आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

नांदेडला तपासणीला गेलो तेव्हा मायनं व्यायाम घेणाऱ्या मॅडमना ही बातमी जवळपास ओरडूनच सांगितली. त्या तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी ऐकून घेतलं, दादांचा पाय हातात घेतला आणि चवडा झटक्यात वर दाबून धरला. पाय तसाच वाजायला लागला, मशीन नसताना. मग त्यांनी तळव्यावरून किल्लीचं टोक फिरवलं. तो पाय गुडघ्यात मुडपून वर आला आणि त्याच वेळी दुसरा पाय सरळ ताठ झाला.

मायनं टाळी वाजवली.

मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं. हळू, सोप्या भाषेत सांगायला लागल्या. पायात पुढचे स्नायू असतात नि मागचे असतात, त्यांचं काम एकमेकांच्या उलट असतं. गुडघा वाकवायचा तर मागचे ओढतात, तेव्हा पुढच्यांनी ढिलं पडावं लागतं. दोघांनी एकदम ओढलं तर पाय काठी होतो. आता पुढच्यांना ढिलं पडा म्हणून कोण सांगतं? डोकं नाही सांगत. डोकं फक्त म्हणतं, चल. बाकीची जुळवाजुळव पाठीच्या कण्यातली दोरीच करते, खालच्या खाली. काटा मोडला तर तो पाय वर येतो आणि दुसरा आपोआप ताठ होतो, माणूस पडू नये म्हणून, आपल्याला कळायच्या आधीच. "यांची दोरी मधे तुटली आहे," त्या म्हणाल्या, "पण तुटल्याच्या खालची जिवंत आहे. पूल वाहून गेला तरी पलीकडचं गाव जागंच असतं ना, मावशी? तसं. पोटरी ताणली की ती दोरी पोटरीला ओढ म्हणते. पोटरीनं ओढलं की पाय खाली जातो. मग ती ढिली पडते, पाय परत वर, परत ताण, परत ओढ. ते चालूच राहतं. आधी डोकं त्याला आवर घालायचं. आता डोक्याचा निरोप तिथवर जात नाही. हे ते करत नाहीत. हे त्यांच्या पायात होतं."

मी दादांकडे बघितलं. ते मॅडमच्या तोंडाकडे बघत होते आणि मान हलवत होते, आपल्याला ठाऊक असलेलं कुणी नीट शब्दांत मांडलं की हलवतो तशी. मला एकदम माझाच जुना प्रश्न आठवला, मशीनखालचा.

"आणि मशीनवर पाय ठेवू नका सारखा," मॅडम म्हणाल्या. "रोज टाच ताणून हळूच धरून ठेवा. नाहीतर पोटरी आखडून बसेल. आणि हात चांगले आहेत यांचे. हातांना काम द्या."

परतीच्या गाडीत माय पदराची गाठ सोडत बांधत बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पोरगी हाय ती. तिला काय ठाव शिंप्याचा पाय." मॅडमनी सांगितलेलं मला पटलं होतं, नीट कळलंही होतं. आणि तरी मनात मी मायच्याच बाजूची होते. डोक्याला कळतं आणि खाली पोचत नाही, हे काय एकट्या दादांच्याच बाबतीत होतं की काय?

घरी दादांनी आणखी एकदा विषय काढला. गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते, तुकडे एकावर एक लावून बघत. "हँडल आनलं अस्तं तर हे आठ दिसात झालं अस्तं," ते म्हणाले.

"हाताचं शिवलेलं घालून जाईल का पोरगी?" मायचा आवाज चढला. "तुमीच हारले तर आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं? पाय हालून राहिला, रोज हालून राहिला, अन् तुमी हाताचं घेऊन बसले!"

दादांनी गाठोडं परत बांधलं. हातानं शिवलेलं आणि पायानं शिवलेलं यात टाक्याचा काहीच फरक नसतो. मशीन तीच, सुई तीच. हे मायला, शिंप्याच्या बायकोला, ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण त्या दिवसांत आमच्या घरात पाय ही एकच गोष्ट होती. सकाळी उठल्यावर पाय, जेवताना पाय, पाहुणा आला की पाय. तो रोज वाजायचा आणि माय रोज नवी होऊन कामाला लागायची. तिला इतकं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

लग्न जवळ आलं. माय शेवटपर्यंत थांबली. मग एका संध्याकाळी माझं मापाचं ब्लाउज पिशवीत घालून ती गल्लीच्या टोकाच्या दुसऱ्या शिंप्याकडे गेली, बाजारातलं मिळतंजुळतं कापड घेऊन. दादांनी कापलेले तुकडे दुसऱ्याला द्यायला तिचं मन धजेना. नवं कापड डाळिंबी नव्हतं, लाल होतं. मांडवात मी शालू नेसून दादांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. "चुणी हाय हितं," ते म्हणाले, आणि हसले. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती चुणी आहे. मी ते फोटो कुणाला दाखवत नाही. नवरा म्हणतो, एवढीही काही वाईट दिसत नाहीस. त्याला काय सांगणार?

नंतर दर खेपेला माहेरी गेले की पायाचा आवाज जरा कमी झालेला असायचा. पोटरी आखडत चालली होती. टाच पायडलला टेकेनाशी झाली, चवडा खालीच वळून राहिला, आणि मग एका दिवाळीला मायनं पाय पायडलवर ठेवला तर काहीच झालं नाही. तिनं परत ठेवला. परत ठेवला. मग चुलीकडे गेली. मी मागे गेले तर भाजी निवडत बसली होती. "माझंच कायतरी चुकलं," ती म्हणाली. "म्या रोज ठिवत होते. न्हाई तर दमला अस्ता का तो?" मॅडमनी सांगितलेलं तिला परत सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तिच्या हातातली जुडी घेतली आणि निवडायला लागले.

त्यानंतर माय एकदा माझ्याकडे वसमतला आली, न कळवता. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "मशीनच्या दुकानात चल संगं." दुकानात तिनंच विचारलं, "हँडल हाय का, जुन्या मशीनचं?" दुकानदारानं समोर ठेवलं. तिनं मूठ धरून ते हवेत फिरवून बघितलं, तोंड घट्ट मिटून. मागितल्याबरोबर मिळणारी वस्तू होती ती. तिथं पहिल्या दिवसापासून खोक्यात पडलेली असणार.

पुढच्या नागपंचमीला मी लेकीला घेऊन माहेरी गेले. अंगणातूनच मशीनचा आवाज ऐकू आला. आत बघते तर दादा खुर्चीवर, दोन्ही हात कापडावर. शेजारी पाटावर माय, हँडल तिच्या हातात. ब्लाउजला दोन्ही हात लागतात, एका हातानं हँडल फिरवून गोलाई येत नाही, म्हणून ती फिरवायची नि ते कापड सारायचे. "थांब," दादा म्हणायचे. ती थांबायची. "चल." ती फिरवायची. मग ते म्हणेनासेच झाले. त्यांची बोटं जरा उचलली की तिचा हात आपोआप ढिला पडत होता. आणि वरचं चाक दादांच्या अंगाकडे फिरत होतं.

दाराशी मापाच्या ब्लाउजांच्या पिशव्या लटकत होत्या, पूर्वीसारख्या.

"आली का?" दादा म्हणाले. "घे. तुझं झालं." आणि फडक्यातून डाळिंबी ब्लाउज काढून माझ्या हातात दिलं. हँडल लागल्यावर पहिलं तेच शिवलं होतं त्यांनी.

मी आत जाऊन घालून बघितलं. खांद्यावर एक चुणी नव्हती. पण पुढं हुक लागेनात. माझ्या लग्नाला केवढे दिवस झाले होते, मला लेकरू झालं होतं. मी पदर घट्ट ओढून बाहेर आले नि म्हटलं, "छान बसलंय."

दादांनी बघितलंसुद्धा नाही. "न्हाई बसलं," म्हणाले. "दोन बोटं कमी हाय. मला ठाव होतं."

"मग काहून शिवलं असं?"

"कापलेलं होतं ना पोरी ते. कापलेलं कापड कसं वाढवू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाजूला आत कापड ठिवलंय जरासं. उसवून घे. तरी बी येईल असं न्हाई."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी विचारून टाकलं, मायच्या देखत. "दादा, पाय तुमी नव्हते हालवत, हे तुमाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाक उलटं फिरून राहिलं होतं. काहून बोलले नाही?"

मायनं हँडल धरलेलं होतं. तिची मान खाली होती.

"ती हासत होती," दादा म्हणाले. "लई दिसांनी हासत होती." मग कुणालाही दोष न देता, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाले, "मला पाय नको होता. मला काम पायजे होतं. तुमी समदे पायाकडं बघत होते, अन् हात हितंच होते माझे, मांडीवर."

लेक मशीनच्या खाली जाऊन चिंध्यांशी खेळायला लागली होती, दादांच्या वळलेल्या पावलांशेजारी. मायनं पदरानं नाक पुसलं, हँडलची मूठ सारखी केली.

"चालवू का?" तिनं विचारलं.

दादांनी सुईखाली कुणाचं तरी नवं कापड सरकवलं आणि मान हलवली.